पांढरी घरं आणि इंग्लंडचं ऊन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आर्किटेक्चर पुण्यात शिकलात, आता नोकरीसाठी लंडनला आहात. कॉलेजच्या लायब्ररीत ज्यांचे कृष्णधवल फोटो पाहून वेड लागलं होतं ती १९२६ ते १९३९ या काळातली मॉडर्निस्ट, म्हणजे सपाट छपरांची, बिननक्षीची घरं आता ट्रेनने तासाभरावर आहेत. चार शनिवार घालवलेत, आणि हाती आले ते मळकट भिंतींचे, मागे झुकलेले, अर्धे झाडाआड गेलेले फोटो. कॅमेरा चांगला असूनही असं का होतं, कोणत्या घरांपासून सुरुवात करू, लेन्स कोणती, आणि कोणी हटकलं तर काय?

गेली अठरा वर्षं मी इथे इमारतींचे फोटो काढून पोट भरतो. त्यातली निम्मी वर्षं तुमच्यासारखीच चूक करत होतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी त्या लायब्ररीतल्या फोटोंविषयी, कारण खरी अडचण तिथेच सुरू होते. त्यातले बरेचसे डेल अँड वेनराइट या जोडीचे असणार. 'आर्किटेक्चरल रिव्ह्यू' या मासिकाचे ते १९३० ते १९४६ या काळात अधिकृत छायाचित्रकार होते. मोठा प्लेट कॅमेरा, कडक ऊन, आणि आभाळ काळवंडण्यासाठी भिंगापुढे रंगीत फिल्टर. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे निळं आभाळ जवळजवळ काळं येतं आणि पुढची फिकट भिंत पेटल्यासारखी पांढरी दिसते. घर नुकतंच बांधलेलं, बाग अजून लावायची, शेजारी कोणी राहायला आलेलं नाही. म्हणजे तो फोटो त्या घराच्या आयुष्यातल्या पहिल्या काही महिन्यांचा, त्यातल्या एखाद्या निरभ्र दिवसाचा, त्यातल्याही एका ठरावीक तासाचा. आपण मात्र नव्वद वर्षांनी, ढगाळ शनिवारी दुपारी बारा वाजता, गर्द झाडीपुढे उभं राहून तोच फोटो मागतो. लग्नाच्या अल्बममधली नवरी तिच्या पंचाहत्तरीच्या समारंभात शोधण्यासारखं आहे हे.

आणि ही 'पांढरी' घरं सगळी पांढरी कधी नव्हतीच. सायीचा रंग, फिकट बदामी, गुलाबीकडे झुकणारा, असं बरंच काही होतं. कृष्णधवल प्लेटवर ते सगळं पांढरं होऊन गेलं. हॅम्पस्टेडच्या लॉन रोडवरच्या फ्लॅट्ससमोर उभे राहिलात तर स्वतःच बघा. वेल्स कोट्सने १९३४ साली पूर्ण केलेली ही इमारत, आयसोकॉन म्हणून ओळखतात. भिंत शुद्ध पांढरी नाही, तिला गुलाबीची झाक आहे. मी पहिल्यांदा तिचे फोटो संगणकावर उघडले तेव्हा 'कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, चुकला' असं समजून ती झाक इमानेइतबारे पुसून टाकली होती.

तेव्हा पहिली गोष्ट, जुना फोटो पुन्हा काढायला जाऊ नका. घर आज जसं आहे तसं बघायला जा. हे उपदेश म्हणून सांगत नाही. असं ठरवलं की जागा, वेळ, लेन्स, सगळेच निर्णय बदलतात.

आता ऊन. आपल्याकडून आलेल्या माणसाला इथलं ऊन कळायला वर्ष जातं. पुण्यात मेच्या मध्याला 'शून्य सावली दिवस' असतो, गच्चीवर काठी उभी करून पोरं सावली गायब झालेली बघतात. लंडनमध्ये हा प्रकार कधीच घडत नाही. २१ जूनला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ६२ अंशांवर असतो, त्याहून वर चढत नाही. २१ डिसेंबरला जेमतेम १५ अंश. त्यामुळे हिवाळ्यात समोरच्या दुमजली घराची सावली तुमच्या घरावर दिवसभर पडून राहते. 'डिसेंबरात झाडं बोडकी असतात, तेव्हाच जावं' असं वाटतं, मलाही वाटायचं. झाडं बोडकी असतात हे खरं, पण भिंतीच्या खालच्या अर्ध्यावर ऊनच नसतं.

दुसरी गोष्ट दिशेची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. आपण घर बांधताना ऊन टाळायला बघतो. व्हरांडा, छज्जा, जाळी. या लोकांचं उलट होतं. क्षयरोगाच्या सॅनेटोरियमांचा काळ, ऊन म्हणजे औषध अशी श्रद्धा. त्यामुळे दिवाणखाना, मोठ्या काचा, उन्हात लोळायची गच्ची हे सगळं दक्षिणेला, बागेच्या बाजूला. रस्ता उत्तरेला असेल तर त्या अंगाला फक्त दार, जिना, संडास-बाथरूमच्या चिंचोळ्या खिडक्या. पुस्तकातला फोटो दक्षिणेचा, बागेतून काढलेला. तुम्ही उभे उत्तरेच्या फुटपाथवर. तुमच्या वाट्याला घराची पाठ येते, आणि तीही सावलीतली.

पण उत्तरेच्या भिंतीला ऊन मिळतच नाही असं नाही. लंडनला जूनमध्ये सूर्य पूर्वेला उगवत नाही, चांगला ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो. २१ जूनच्या सुमारास सकाळी साधारण सव्वाआठपर्यंत आणि संध्याकाळी पावणेसहानंतर सूर्य पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेला असतो. सूर्यास्त नऊ वीसच्या आसपास. म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर साडेतीन तास ऊन, तेही घासत जाणारं, तिरपं. खिडकीच्या चौकटीची जाडी, गिलाव्यावरचे थापीचे फटकारे, बाल्कनीच्या कठड्याची सावली, सगळं त्यात उठून दिसतं. मे ते जुलै या तीन महिन्यांच्या संध्याकाळी मी उत्तरमुखी घरांसाठीच राखून ठेवतो. फोनवर सन सर्व्हेयर किंवा फोटोपिल्स यांपैकी एखादं अॅप घ्या, घराचा पत्ता टाका, कोणत्या तारखेला किती वाजता कोणत्या भिंतीला ऊन लागतं ते घरबसल्या दिसतं. तुमच्या चारपैकी तीन शनिवार इथेच वाया गेले असावेत.

दक्षिणेची बाजू रस्त्यावरून दिसत असेल तर माझा आवडता काळ एप्रिलचा पहिला-दुसरा आठवडा. पानं फुटलेली नसतात, दुपारचा सूर्य ४५ अंशांच्या आसपास आलेला असतो, आणि हवा धुतल्यासारखी असते. पान फुटलं की खेळ संपला. एप्रिलच्या शेवटी काही झाडं दहा दिवसांत घर गिळून टाकतात.

ढगाळ दिवसाचं काय करायचं? इंग्लंडात हा प्रश्न विचारणं म्हणजे कोकणात 'पावसाचं काय करायचं' असं विचारण्यासारखं. सरसकट पांढऱ्या आभाळापुढे पांढरं घर विरघळून जातं, कडाच सापडत नाही. अशा दिवशी पूर्ण घर घेऊच नका. जवळ जा, तपशील घ्या: दाराची मूठ, खिडकीचा कोपरा, जिन्याची वळलेली भिंत. ढगाळ उजेडात काचेतले चमकारे मवाळ होतात आणि गिलाव्याचा खरा रंग कळतो. पण सर नुकतीच थांबलेली, पूर्वेकडे अजून काळा ढग आणि तुमच्या पाठीमागून ऊन, असा योग आला तर हातातलं सगळं टाकून धावा. लाल फिल्टर न लावता डेल-वेनराइटचं आभाळ मिळतं. वर्षातून चार-पाच वेळा मिळत असेल.

आता तुमच्या भिंती राखाडी का येतात ते. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं गृहीत धरतो. फ्रेमभर पांढरी भिंत असली की तो बिचारा ती करडी करून देतो. म्हणून उन्हातल्या पांढऱ्या भिंतीला एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवून एक्स्पोजर द्यावं लागतं. मात्र भिंत जळू द्यायची नाही. हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजवीकडे सरकलेला हवा पण कडेला आदळलेला नको. रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच काढा. पांढऱ्या भिंतीची गंमत अशी की तिच्यातला तपशील सगळा वरच्या टोकाला असतो, तिथे थोडंसं जळलं तरी गिलावा जाऊन कागद चिकटवल्यासारखं दिसतं.

दुसरं, पांढरी भिंत पांढरी नसते, ती आरसा असते. सावलीतली भिंत आभाळाने निळी पडते. बाल्कनीच्या खालच्या अंगाला हिरवळीचा हिरवा चढतो. लाल विटांचा रस्ता असेल तर तळाशी तांबूस. हे सगळं 'दुरुस्त' करायच्या फंदात पडू नका, पूर्ण करायला गेलात तर भिंत मेलेली दिसते. मी उन्हातल्या भिंतीवर व्हाइट बॅलन्स ठरवतो आणि सावलीतला निळा अर्धा-मुर्धा उतरवतो, बस.

पोलरायझर, म्हणजे आभाळ गडद करणारा फिरता फिल्टर, त्याबद्दल एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका मासिकाने मला एसेक्सच्या किनाऱ्यावर, फ्रिंटनला पाठवलं. ऑलिव्हर हिलने १९३४-३५ च्या सुमारास तिथे पांढऱ्या घरांची वसाहत आखली होती. शेकड्यांनी घरं व्हायची होती, प्रत्यक्षात काही डझन झाली. आभाळ गडद यावं म्हणून मी २४ मिलिमीटरच्या लेन्सवर पोलरायझर चढवला. पोलरायझरचा परिणाम सूर्यापासून नव्वद अंशांवर सर्वांत जास्त असतो, आणि इतकी रुंद लेन्स आभाळाचा एवढा मोठा तुकडा घेते की एका भागात आभाळ गडद आणि बाजूला फिकट होतं. प्रत्येक फोटोत घराच्या डोक्यावर शाईचा डाग सांडल्यासारखं दिसत होतं. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या स्क्रीनवर मला ते कळलंच नाही. संपादकीण बाईंनी एका ओळीचं उत्तर पाठवलं: वादळ येत होतं का? पुन्हा स्वखर्चाने जावं लागलं. तेव्हापासून रुंद लेन्स आणि पोलरायझर हे लग्न मी लावत नाही. कृष्णधवल करायचंच असेल तर नंतर संगणकावर निळा रंग खाली ओढा, पण जपून. फार ओढलात की भिंतीच्या कडेला पांढरी किनार उमटते, आणि जाणत्याला ती दहा फुटांवरून दिसते. फिल्म वापरत असाल तर २५ नंबरचा लाल फिल्टर आजही मिळतो, फक्त तीन स्टॉप एक्स्पोजर वाढवायला विसरू नका.

भिंती मागे झुकतात त्याचं कारण तुम्ही कॅमेरा वर उचलता. कॅमेरा समपातळीत ठेवला की उभ्या रेषा उभ्याच राहतात, पण मग फ्रेमचा खालचा अर्धा भाग फुटपाथने भरतो आणि गच्ची कापली जाते. यावर खरा उपाय शिफ्ट लेन्स. कॅमेरा सरळ ठेवायचा आणि भिंग वर सरकवायचं. कॅननची २४ मिलिमीटर टीएस-ई किंवा निकॉनची पीसी मालिका, जुनी वापरलेली घ्या, नवीनच्या किमतीत इथे एक बरी सायकल येऊन पुण्याचं जाऊन-येऊन तिकीट निघेल. नसेल घ्यायची तर रुंद लेन्सने कॅमेरा सरळ धरून काढा आणि खालचा भाग कापून टाका. रिझोल्यूशन जातं, पण रेषा राहतात. संगणकावर ताणून सरळ करणं हा शेवटचा उपाय. या घरांची सगळी गंमत प्रमाणात आहे, आणि ताणलं की प्रमाणच बिघडतं. आडव्या पट्टीसारखी खिडकी उंच वाटायला लागते.

लेन्सपेक्षाही उपयोगी वस्तू म्हणजे तीन पायऱ्यांची घडीची शिडी. माझी अॅल्युमिनियमची आहे, साडेतीन किलोची. लोक हसतात. पण इंग्लंडातलं प्रत्येक घर कुंपणामागे असतं, आणि प्रिव्हेट या झुडपाचं कुंपण नेमकं डोळ्याच्या उंचीचं. दोन फूट वर गेलात की कुंपण पायाखाली जातं आणि सपाट छपराची कड वेगळी वाचता येते. या घरांना कौलं नाहीत, उतार नाही, आपल्यासारखी गच्ची आहे, हीच त्या काळी मोठी बंडखोरी होती. खालून काढलेल्या फोटोत ती गच्ची नुसती कड होऊन राहते.

आता कुठे जायचं.

पहिला दिवस हॅम्पस्टेडचा ठेवा, सगळं पायी होतं. बेल्साइझ पार्क स्टेशनला उतरा, लॉन रोडवर आयसोकॉन. पदपथासारख्या लांब गॅलऱ्या एकावर एक, जिना एका टोकाला. आर्किटेक्ट ग्रोपियस आणि ब्रॉयर, रहस्यकथाकार अॅगाथा क्रिस्टी ही मंडळी इथे राहून गेली. तळाच्या जुन्या गॅरेजात छोटं प्रदर्शन आहे, उन्हाळी महिन्यांत शनिवार-रविवारी उघडं असतं. तिथून विलो रोड, नंबर २. हंगेरियन एर्नो गोल्डफिंगरने १९३९ मध्ये स्वतःसाठी बांधलेलं, आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे. हे पांढरं नाहीच. काँक्रीटची चौकट आणि पुढे लाल वीट. मॉडर्निस्ट म्हणजे पांढरं ही समजूत मोडायला हे घर चांगलं आहे. आतला गोल जिना अभियंता ओव्ह अॅरपच्या मदतीने केलेला, आणि तो इतका आवळलेला आहे की मधोमध उभं राहून सरळ वर कॅमेरा धरणं हाच खरा फोटो. आत फ्लॅश नाही आणि स्टँड नाही असंच धरून चला, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवा, श्वास रोखा.

मग फ्रॉग्नल. ६६ नंबर कॉनेल, वॉर्ड आणि लुकस यांचं, १९३८ चं. आणि कोपऱ्यावरून फ्रॉग्नल वेवर वळलात की मॅक्सवेल फ्रायचं सन हाउस, १९३५-३६ चं. हाच फ्राय पुढे जेन ड्रूसोबत चंदीगढला आला, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी त्याचं काम नकळत आधीच पाहिलेलं असतं. दोन घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, आणि आजूबाजूला विटांची, जॉर्जियन थाटाची सभ्य घरं. इथे मी तुम्हाला एकच सांगेन, शेजारी कापू नका. विटांचं घर, उतरतं छप्पर, धुराडं, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून ही सपाट डोक्याची पेटी, असा फोटो काढा. त्या काळी मोहल्ल्यात काय खळबळ उडाली असेल ते एका फ्रेममध्ये कळतं. त्यातून ही घरं बांधणारी बरीच मंडळी बाहेरची होती. कॉनेल आणि वॉर्ड न्यूझीलंडचे, कोट्सचा जन्म टोकियोचा, लुबेटकिन जॉर्जियातल्या तिफ्लिसचा, शेरमायेफ ग्रोझनीचा. परक्या माणसाने परक्या गल्लीत येऊन घर बांधलं की गल्ली कशी बघते, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी चेल्सी, फार वेळ नको, तासभर पुरे. ओल्ड चर्च स्ट्रीटवर ६४ आणि ६६ नंबर शेजारी-शेजारी. एक मेंडेलसोन आणि शेरमायेफ यांचं, दुसरं ग्रोपियस आणि फ्राय यांचं, दोन्ही १९३६ च्या आसपासची. ६६ नंबरच्या भिंती आज पांढऱ्या नाहीत. गिलाव्यावर नंतर काळपट पाट्यांचं आवरण चढवलं गेलं. जुन्या फोटोची प्रिंट घेऊन समोर उभे राहा. पहिल्यांदा मला वाटलं होतं पत्ता चुकला.

मग जरा लांब. नॉर्थॅम्प्टनला वेलिंगबरो रोडवर ५०८ नंबरचं 'न्यू वेज', पीटर बेहरेन्सने खेळण्यातल्या रेल्वे बनवणाऱ्या बॅसेट-लोक याच्यासाठी १९२६ मध्ये बांधलेलं. ब्रिटनमधलं पहिलं मॉडर्निस्ट घर म्हणून याचं नाव घेतात. दर्शनी भागातली बाणाच्या टोकासारखी बाहेर आलेली जिन्याची खिडकी पाहून घ्या, कारण ती पुढे सिल्व्हर एंडला भेटते. अॅमर्शमला 'हाय अँड ओव्हर', कॉनेलने बर्नार्ड अॅशमोल या पुरातत्त्वज्ञासाठी १९३१ मध्ये पूर्ण केलेलं, इंग्रजी वाय अक्षरासारखा आराखडा. जुन्या फोटोत ते उघड्याबोडक्या टेकडीवर जहाजासारखं दिसतं. आज टेकडीवर झाडं आणि नंतरची घरं आहेत, त्यामुळे पूर्ण वाय मिळेल अशी आशा धरू नका. रस्त्यालगतची १९३४ ची सन हाउसेस मात्र सहज दिसतात. ईशरचं 'होमवुड' बघायला आधी बुकिंग लागतं. पॅट्रिक ग्विनने पंचविशीत असताना आईवडिलांसाठी ते १९३८ मध्ये बांधलं आणि २००३ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. माझ्या मते इंग्लंडातलं सर्वांत देखणं घर हेच, पण यावर लोक भांडतात.

पण तुम्हाला एकच ठिकाण निवडायचं असेल तर मी सिल्व्हर एंड सांगेन. एसेक्समधलं खेडं, क्रिटल नावाच्या खिडक्या बनवणाऱ्या कारखानदाराने १९२६ पासून आपल्या कामगारांसाठी वसवलेलं. थॉमस टेट आणि त्याच्या कचेरीने तिथे पांढऱ्या, सपाट छपरांच्या घरांच्या रांगा उभ्या केल्या. श्रीमंताचा बंगला नाही, फाटक नाही, घरं थेट रस्त्याला लागून. आणि प्रत्येक घर म्हणजे मालकाच्या मालाची जाहिरात: बारीक लोखंडी चौकटीच्या खिडक्या, आडव्या पट्ट्या, बाणाच्या टोकासारखी बाहेर आलेली काच.

ही लोखंडी खिडकी जवळून बघा. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या मागच्या गल्ल्यांत किंवा जुन्या सरकारी क्वार्टर्समध्ये जी असते तिचीच चुलत बहीण. पट्टी बोटाच्या पेराहून बारीक, त्यावर रंगाचे सहा-सात थर, कोपऱ्यात रंग फुगलेला, खाली गंजाची तपकिरी रेघ. पितळी खिटी हाताने घासून घासून मधोमध पिवळीधमक झालेली. आणि शेजारच्याच घरात तीच खिडकी प्लास्टिकची, दुहेरी काचेची, चौकट तिप्पट जाड. दोन्ही घरं एका फ्रेममध्ये घ्या. आकार तोच, भोकं तीच, तरी दुसरं घर डोळे सुजल्यासारखं दिसतं. प्लास्टिकवाल्याला दोष देऊ नका, जानेवारीत त्या एका काचेच्या खिडकीशेजारी बसून बघा.

इथूनच डागांवर येतो. नवीन माणूस फोटोशॉपमध्ये सर्वांत आधी भिंतीवरचे ओघळ पुसतो. पुसू नका. ही घरं पावसाच्या देशात आणि पावसाची पर्वा न करता बांधली गेली. छज्जा नाही, कठड्याच्या माथ्याला पाणी तोडायची कड नाही, पाणी थेट भिंतीवरून उतरतं आणि सोबत माथ्यावरची धूळ आणतं. कोकणातला गवंडी पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावेल. त्यातून बरीच घरं दिसतात तशी काँक्रीटची नाहीतच, आत वीट आणि वरून गिलावा. न्यू वेज हे तसंच. साचा लावून काँक्रीट ओतायची सवय असलेले कारागीर मिळत नव्हते. जी खरोखर काँक्रीटची होती त्यांच्या भिंती कधीकधी फक्त चार इंच जाड. आतली सळई गंजते, फुगते, पोपडा पडतो. उत्तरेच्या अंगाला शेवाळ. तिरप्या उन्हात भिंतीवरची प्रत्येक भेग आणि प्रत्येक ठिगळ दिसतं, आणि नव्वद वर्षांत कोणी किती वेळा दुरुस्ती केली हे वाचता येतं. मला तो फोटो पांढऱ्याशुभ्र दर्शनी फोटोपेक्षा जास्त सांगणारा वाटतो.

तुम्ही टिपलेलं घर उद्या असेलच असंही नाही. वेंटवर्थचं 'ग्रीनसाइड', कॉनेल-वॉर्ड-लुकस यांचं १९३७ चं, संरक्षित यादीत असूनही २००३ मध्ये पाडलं गेलं. म्हणून माझा हट्ट असतो, सुंदर फोटो एक काढलात तर नोंदीसाठी कंटाळवाणे दहा काढा: चारही बाजू जमतील तेवढ्या, खिडक्यांचे सांधे, पन्हळ, दार. तारीख लिहून ठेवा.

हटकण्याबद्दल. सार्वजनिक रस्त्यावरून घराचा फोटो काढायला इंग्लंडात परवानगी लागत नाही, आणि १९८८ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे इमारतीचा फोटो काढणं, छापणं यात आर्किटेक्टचा हक्क आड येत नाही. फुटपाथ अडवून ट्रायपॉड मांडलात तर मात्र तक्रार होऊ शकते. सरेमधल्या काही श्रीमंत वसाहतींत रस्तेच खासगी आहेत, तिथे पाटी वाचा. नॅशनल ट्रस्टच्या आवारात स्वतःसाठी काढलेले फोटो चालतात, विकायचे असतील तर आधी लेखी विचारावं लागतं. ड्रोन नको. कायद्याचं सोडा, कोणाच्या तरी न्हाणीघरावर घोंघावणं बरं दिसत नाही.

पण कायदा तुमच्या बाजूला असला तरी आत राहणारं माणूस आहे. मी पत्र टाकतो. ईमेल नाही, हाताने लिहिलेलं अर्धं पान, दाराच्या फटीतून: मी कोण, घराबद्दल काय वाचलं, कोणत्या दिवशी येऊ इच्छितो, आणि एक प्रिंट देईन. दहात तीन उत्तरं येतात. सप्टेंबरमध्ये ओपन हाउस फेस्टिव्हल आणि हेरिटेज ओपन डेज असतात, एरवी बंद असलेली घरं तेव्हा उघडतात, पण गर्दी इतकी की फोटोपेक्षा ओळख काढायला जा. मालकाशी दोन शब्द बोला, नंतर पत्र टाका.

अशाच एका पत्रावरून बकिंगहॅमशरमधल्या एका आजींनी मला बागेत घेतलं होतं. मी ज्या खुणेवर उभा राहून दक्षिणेचा सुप्रसिद्ध कोन पकडायला धडपडत होतो, तिथे आता त्यांनी लावलेलं सफरचंदाचं झाड होतं, पन्नास वर्षांचं. मी झाडाला वळसा घालून कसरत करत होतो. चहा घेऊन त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ते झाड आहे म्हणून तर तुम्हाला फोटो मिळत नाहीये ना? आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचं तेच होतं." मग मी कॅमेरा झाडामागे नेला. फांद्यांमधून दिसणारी आडवी खिडकी, आत दिवा, भिंतीवर डहाळ्यांच्या सावल्या. त्यांना प्रिंट पाठवली ती तीच.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मी स्वतः सिल्व्हर एंडला जाणार आहे. ऊन असलं तर या. विटममध्ये उतरून बस घ्यायची. शिडी माझी आहे, आळीपाळीने वापरू.